सेकंडहँड पिकअप: बीएस फोर घेऊ का बीएस सिक्स?

मंडळी, पिंपळगावला टोमॅटो टाकायला अन् सीझनला वाशीच्या दोनचार खेपा मारायला पिकअप बघतोय. एक २०१८ची बीएस फोर आहे (धुराच्या प्रदूषणाचा जुना नियम), दुसरी २०२१ची बीएस सिक्स (नवा, कडक नियम). पुढं खर्च कुणाचा कमी येईल?

→ भाऊ, दिंडोरी रोडला मळा ते मार्केट एवढंच पळवणार असशील तर बीएस सिक्सला लांबूनच नमस्कार. सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) छोट्या फेऱ्यांत नीट तापत नाही, काजळी जळत नाही, मग लाइट लागते आन गाडी पिकअपच देत नाही (नावाला पिकअप!). हायवेला पळत असली तर काजळी आपोआप जळून जाते, तेवढा त्रास नाही. फिल्टर बदलायची वेळ आली तर मात्र बिल बघून डोळे पांढरे होतात.

→ इंजिनचं सोडा हो, गाडी मरते ओव्हरलोडनं. खाली वाकून पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बघा, एखादं पान नवं चमकत असेल तर तुटलेलं बदललंय, म्हणजे मालकानं दाबून माल भरलाय. आणि कसारा घाट उतरताना ड्रायव्हर नुसता ब्रेकवर उतरवत असेल तर ब्रेकचे लायनर टिकणार कसे, गिअरवर उतरवायची असते.

→ आठ वर्षं झाली की आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी, तोवर दोन वर्षांनी. २०१८वालीचा भाव पाडताना हे धरा.

→ ट्रायल चढावर घ्या, रिकामी नको, थोडा माल टाकून. क्लच स्लिप होत असेल तर लगेच कळतं.