माशांच्या टाकीचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण वाकतंय, घरी दुसरं कसं करावं? मदत हवी आहे

टाकी बाहेरून ९०० × ४५० मिमी, काच ८ मिमी, वर चौकट नाही. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या एकसंध झाकणाचे कोपरे काही आठवड्यांतच वर उचलले गेले आणि मधला भाग पाण्याकडे झुकला. उलटं करून ठेवलं की सरळ होतं, पण पुन्हा तेच. मागच्या बाजूला फिल्टरचे दोन पाइप आणि हीटरची वायर आहे. मासे उड्या मारणारे आहेत, त्यामुळे उघडं ठेवता येत नाही. जाड अ‍ॅक्रिलिक घ्यावं का?

प्रतिसाद १

जाड घेऊन फक्त वेळ मिळेल, दोष जाणार नाही. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषतं. खालची बाजू सतत ओली, वरची दिव्याखाली कोरडी. खालचा पृष्ठभाग फुगतो आणि शीट खाली पोट काढते. उलटवल्यावर सरळ होतं ते याच कारणाने.

काच घ्या, ४ मिमी. तुमच्या टाकीचं आतलं माप ८८४ × ४३४ येतं, पण कागदावरच्या वजाबाकीवर विसंबू नका. दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा. लांबी ८८० ठेवा, म्हणजे दोन्हीकडे २ मिमी मोकळीक राहते. रुंदीत दोन तुकडे करा: पुढचा २२० मिमी, मागचा १७०. दोन्हींमध्ये ४ मिमी काचेसाठीची प्लास्टिकची बिजागरी पट्टी. मागे साधारण ४० मिमी उरतात, ते पाइपांसाठी. दोन्ही काचा मिळून साडेतीन किलोच्या आसपास भरतील. पुढचा तुकडा उचलला की खाणं घालता येतं, मागचा हलवावा लागत नाही.

काच कापून घेतानाच सगळ्या कडा घासून घ्या. पाइपासाठी काचेत चौकोनी खाच काढू नका, आतल्या कोपऱ्यातून तडा जातो. फारच गरज असेल तर कोपरा तिरका कापा. टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) काच असेल तर नंतर काहीच कापता येत नाही.

प्रतिसाद २

वरच्या मापांशी सहमत. एक महत्त्वाची भर: झाकण टाकीच्या कडेवर टेकवू नका, काठाच्या आत थोडं खाली बसवा. कडेवर ठेवलं तर काचेखाली जमलेले थेंब कडेकडेने सरकत बाहेर येतात आणि टाकीच्या बाहेरून ओघळ उतरतात. आत बसवलं की तेच पाणी टाकीत परत पडतं. त्यासाठी ८ मिमी काचेवर बसणाऱ्या लटकत्या क्लिपा मिळतात. पुढे दोन, दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाण्याची पातळी झाकणापासून २५-३० मिमी खाली ठेवा. गुरामी किंवा बेट्टा असे वर येऊन हवा घेणारे मासे असतील तर ही मधली दमट, उबदार हवा त्यांना लागतेच.

मूठ लावायला ॲसिटिक सिलिकॉन, म्हणजे व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं. काच स्पिरिटने पुसून लावा आणि २४ तास हात लावू नका. पितळी बिजागरी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू नकोतच. तांबं आणि जस्त पाण्यात उतरलं की कोळंबी आधी मरते.

धागाकर्ता

धन्यवाद, आता उलगडा झाला. मागच्या ४० मिमी फटीचं काय? आणि पोकळ पॉलिकार्बोनेट शीट काचेपेक्षा हलकी पडेल ना?

प्रतिसाद १

हलकी पडते आणि अ‍ॅक्रिलिकसारखी वाकत नाही. ६ मिमीची घ्या, धारदार कटरने कापता येते. शीटच्या दोन पदरांमधल्या पोकळ नळ्या लांबीच्या दिशेने ठेवा. मग खालच्या पदरालाच एका नळीच्या रेषेत चीर दिली की वरचा पदर बिजागरीचं काम करतो. मुख्य तोटा: उघड्या टोकांतून वाफ आत जाते आणि पुढे नळ्यांत हिरवं शेवाळ धरतं. टोकं सिलिकॉनने बंद करा, पण कोरडी असतानाच. प्रकाश थोडा कमी होतो, म्हणून झाडांच्या टाकीला काचच बरी.

फटीत त्याच शीटची ३८ मिमी पट्टी बसवा आणि पाइप-वायरींच्या जागी गोल खाचा काढा. पाइपाभोवती ३-४ मिमीपेक्षा जास्त जागा सोडू नका. उडी मारणारा मासा मधल्या मोठ्या झाकणाला धडकून परत पडतो. बाहेर जातो तो वायरीजवळच्या फटीतून.

प्रतिसाद २

हवेसाठी वेगळी भोकं पाडायची गरज नाही. फिल्टरचं पाणी पृष्ठभाग हलवत असेल तर एवढ्या फटी पुरतात. दिवा मात्र झाकणावर ठेवू नका, वर टांगा. वायर आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातच ठिबकेल.