ब्रेक्झिटनं इंग्लंडचं काय वाकडं झालं म्हणे?

मकरपुरा_ते_नांदेसरी

परवा इथे कोयलीफळियेकरांनी लिहिलं, "ब्रेक्झिट झालं की इंग्लंडचं दिवाळं निघणार म्हणणारे आता कुठे तोंड लपवून बसलेत? लंडन जागेवर आहे, पौंड जागेवर आहे, वर भारताशी करारही झाला." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प राहिलो, आता राहवत नाही. बावीस वर्षं एक्स्पोर्टचे कागद करतोय. ब्रेक्झिट, म्हणजे इंग्लंडचं युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं, मी टीव्हीवर कमी आणि माझ्या टेबलावर जास्त पाहिलंय.

आमचा माल डाय इंटरमीडिएटचा, म्हणजे रंग बनवायच्या रसायनांचा. बडोद्याजवळच्या दशरथच्या आयसीडीतून, म्हणजे कंटेनरच्या कस्टम डेपोतून, कंटेनर निघायचा, इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात उतरायचा. तिथे एकदा ड्यूटी भरली की विषय संपला. तिकडचा स्टॉकिस्ट त्यातले दहा ड्रम इंग्लंडात विकायचा, वीस जर्मनीला, पाच पोलंडला. कोणी हटकत नसे. १ जानेवारी २०२१ पासून तेच ड्रम समुद्र ओलांडून जर्मनीला निघाले की दुसऱ्यांदा ड्यूटी, सहा-साडेसहा टक्के. आता कोणी म्हणेल, इंग्लंड-युरोप करारात तर ड्यूटी शून्य आहे. आहे ना, इंग्लंडात बनलेल्या मालाला. आमच्या ड्रमवर गुजरात लिहिलंय, त्याला कोण शून्य देणार?

दुसरं दुखणं रीचचं, म्हणजे युरोपातल्या रसायन नोंदणीच्या कायद्याचं. आमच्या वतीनं ती नोंदणी करणारा प्रतिनिधी, ओआर, इंग्लंडमध्ये होता, कारण फोनवर बोलणं सोपं. ती नोंदणी वेळेत आयर्लंडच्या माणसाकडे हलवली नसती तर त्या तारखेला तिची रद्दी झाली असती. ती धावपळ संपते न संपते तोच इंग्लंडनं स्वतःचं वेगळं रीच काढलं. रसायन तेच, रिपोर्ट तेच, पण फाईल नवी, ओआर नवा, फी नवी. आणि पूर्ण नोंदणीची मुदत ते स्वतःच पुढे ढकलत बसलेत, कारण खर्च त्यांच्याच कंपन्यांना झेपत नाही.

२०२२ मध्ये त्या स्टॉकिस्टनं हात वर केले. आता माल थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला जातो. म्हणजे बडोद्याचं काही बिघडलं नाही, त्या गोडाऊनमधल्या माणसांचं बिघडलं. त्यांच्याच सरकारी अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाचा, ओबीआरचा, अंदाज आहे: युनियनमध्ये राहिले असते त्या मानानं उत्पादकता कालांतरानं ४ टक्के कमी, आयात-निर्यात १५ टक्के कमी. याला दिवाळं म्हणत नाहीत. याला टायर पंक्चर न होता हळूहळू हवा जाणं म्हणतात.

कोयलीफळियेकर

साहेब, बावीस वर्षं कागद केलेत म्हणून तुम्हाला कागदच दिसतात.

अंदाजांचं मला सांगू नका. २०१६ च्या मे महिन्यात त्यांच्याच अर्थखात्यानं, ट्रेझरीनं, सांगितलं होतं, बाहेर पडायला कौल दिला की लगेच मंदी आणि पाच लाख नोकऱ्या जाणार. २३ जूनला ५१.९ टक्क्यांनी कौल दिला. कुठे होती मंदी? आणि युनियनमध्ये राहून सगळं सोन्याचं होत असेल तर जर्मनी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आकसली कशी?

करारांचं बघा. युरोपशी आपली बोलणी २००७ ला सुरू झाली आणि मध्ये कितीतरी वर्षं नुसती धूळ खात पडली. इंग्लंडशी २०२२ ला बसले, २४ जुलै २०२५ ला सही. सत्तावीस देशांची परवानगी घ्यायची नसली की असं होतं.

आणि घरचं सांगतो. माझा मुलगा २०२१ ला लेस्टरला गेला, शिकला, दोन वर्षांचा वर्क व्हिसा मिळाला, आज नोकरीला आहे. पूर्वी इटली-रोमानियाची पोरं विमानातून उतरली की कामाला लागत आणि आपली पोरं रांगेत. आता सगळे एका रांगेत. हा फायदा तुमच्या ड्रमात मावत नाही.

सुरसागरकाठी

काका, मुलाचं अभिनंदन. पण तिकडच्या लोकांनी कौल दिला होता तो बाहेरची माणसं कमी व्हावीत म्हणून. २०२३ पर्यंत वर्षाची निव्वळ आवक नऊ लाखांवर गेली! तुमच्या मुलाला मिळाला तो ब्रेक्झिटचा फायदा असेल, तर तिथल्या मतदाराच्या लेखी तीच फसवणूक आहे. म्हणून तर जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या पोरांना नवरा-बायको नेणं बंद केलं. माझी भाची त्यात अडकली. लग्न डिसेंबरात, ॲडमिशन जानेवारीत. जावई अजून मांजलपूरला बसून व्हिडिओ कॉल करतोय.

भारताशी झालेल्या करारानं त्यांना काय मिळणार, तर त्यांच्याच सरकारच्या हिशेबानं जीडीपीच्या ०.१३ टक्के, तेही कैक वर्षांनी. वर त्या ४ टक्क्यांचा आकडा आहेच. वजाबाकी करा.

जर्मनीचं म्हणाल तर रशियाचा गॅस बंद झाला, त्याचं काय?

हातगाडी_सेवउसळ

करारात स्कॉचची ड्यूटी १५० वरून ७५ आणि दहा वर्षांनी ४० टक्के होणार आहे. दारूबंदीच्या गुजरातेत, बडोद्यात बसून हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. परमिटवाले काका लोक, तुमचं मत काय?

साठचा_पोरका

सातासमुद्रापलीकडच्या लोकांचं कौतुक पुरे. युनियनमधून बाहेर पडण्याचे परिणाम बघायचे तर बडोद्याच्या मराठी माणसाला विचारा. १ मे १९४९ ला आपलं बडोदा संस्थान मुंबई राज्यात घातलं, १ मे १९६० ला मुंबईतून काढून गुजरातेत ठेवलं. आपल्याला कोणी विचारलं? इंग्रजांना निदान मतपत्रिका तरी मिळाली. एका रात्रीत माझ्या वडिलांची सासुरवाडी परराज्यात गेली. माझी मराठी शाळा बंद पडली, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.

कोयलीफळियेकर

आलं! प्रत्येक धाग्यात आलंच पाहिजे. अहो, १९६० नं काय वाटोळं केलं? जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहती, रिफायनरी, फर्टिलायझर, सगळं त्यानंतरचं. तुमचे वडील तिथेच लागले होते ना नोकरीला? आणि शाळा कोणी बंद पाडली? आपणच पोरं इंग्रजीत घातली. तुमची नात कुठल्या माध्यमात आहे ते लिहा इथे.

साठचा_पोरका

नातीपर्यंत जायचं कारण नाही. ज्यांनी स्वतःची पोरं लेस्टरला विकली त्यांनी मातृभाषेवर बोलू नये.

कोयलीफळियेकर

"विकली"? शब्द मागे घ्या.

सुरसागरकाठी

दोघांनी जरा पाणी प्या. आणि १९६० ची तुलना इथे लागतच नाही. राज्यं वेगळी झाली तरी रुपया एक, कस्टम एक, घटनेच्या कलम ३०१ नं देशभर व्यापार मोकळा. नाशिकला जायला कोणी व्हिसा मागितला?

साठचा_पोरका

व्यापार मोकळा? ताई, तुम्ही कधी दुकान चालवलंय? माझा स्विचगिअरच्या सुट्या भागांचा धंदा. नाशिकच्या पार्टीला माल दिला की सी फॉर्म, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवर कर कमी लागावा म्हणून गिऱ्हाईकानं द्यायचा कागद. फॉर्म आला तर कर दोन टक्के, नाही आला तर सगळा फरक आमच्या बोकांडी. पार्टी माल घेते, पैसे देते, फॉर्म देत नाही. ट्रक महाराष्ट्राच्या सीमेवरच्या भिलाडच्या नाक्यावर रात्र रात्र उभा. ड्रायव्हर फोन करणार, "शेठ, एक कागद कमी छे." बडोद्यात शिरताना पुन्हा जकात. ती २००७ ला गेली. आणि हे सगळं एका देशात, कलम ३०१ असताना!

एकदा दिवाळीच्या आधी माझा माल तीन दिवस अडकला, कारण बिलावर पंचवीस नग आणि चलनावर चोवीस. तो एक नग सॅम्पल होता. पार्टीनं ऑर्डर रद्द करून पुण्याहून उचलला. त्यांनी पुन्हा कधी फोनही केला नाही.

मकरपुरा_ते_नांदेसरी

पोरकासाहेब, तुमच्याशी एकमत होईल असं वाटलं नव्हतं, पण मी सकाळपासून हेच बोंबलतोय. भिलाडला तुमच्या मालावर कस्टम ड्यूटी कुठे होती? शून्यच. तरी गिऱ्हाईक पुण्याला गेलं. २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, म्हणजे आपण भिलाड पुसलं. इंग्लंडनं फ्रान्ससमोरच्या डोव्हर बंदरात नवं भिलाड बांधलं, आणि तेही स्वतःच्या हातानं. मोठ्या कंपनीला त्याचं काही नाही, ती दहा माणसं ठेवते. चीज बनवणारा चार माणसांचा कारखाना फ्रान्सला एक खोका पाठवायचा तर पशुवैद्याच्या सहीचं प्रमाणपत्र कुठून आणणार? तो सरळ निर्यातच सोडतो.

ट्रेझरीचा २०१६ चा अंदाज चुकला हे कोयलीफळियेकरांचं बरोबर. घ्या, लिहून दिलं. फ्रेम करून लावा.

कोयलीफळियेकर

लावतो. पण सेवांचं कोणीच बोललं नाही. वकिली, सल्ला, कॉम्प्युटर यात इंग्लंडची निर्यात वाढलीच आहे. तिथे ना ड्रम, ना नाका.

सुरसागरकाठी

वाढली, मान्य. पण बँकांचा पासपोर्ट, म्हणजे लंडनमधून सगळ्या युनियनमध्ये धंदा करायची मुभा, गेलाच ना? २०२१ च्या जानेवारीतच शेअरच्या उलाढालीत ॲमस्टरडॅम लंडनच्या पुढे गेलं.

पौंडाचं मात्र मला बोलायचा हक्क नाही. सप्टेंबर २०१६ ला भावाची फी भरायची होती. शंभराच्या आसपासचा पौंड नव्वदीच्या खाली आलेला. बाबांनी त्या दिवशी अर्धा किलो दुलीराम पेढे आणले आणि "ब्रेक्झिटवाल्यांचं भलं होवो" म्हणाले.

हातगाडी_सेवउसळ

सयाजीराव महाराजांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? मी पैज हरलो.

साठचा_पोरका

महाराज असते तर आधी माझी शाळा उघडली असती. आता जिंकलात, पैसे घ्या.

"विकली" मागे घेतो. "पाठवली" वाचावं.

आणि मकरपुरावाले, नाके पुसले म्हणालात. कोणी पुसले? २०१६-१७ चे दोन सी फॉर्म नाशिकहून अजून यायचेत. गेल्या महिन्यात पुन्हा नोटीस आली, व्याज धरून. तुमच्या ओळखीत विक्रीकराचा जुना माणूस कोणी असेल तर नंबर द्या.

मकरपुरा_ते_नांदेसरी

आहे एक, रावपुऱ्यात. मेसेज करतो.