मदत हवी आहे: जुन्या गाडीला जाड फ्रंट स्वे बार बसवताना अडलोय

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या गाडीचा मूळ १६ मिमीचा पुढचा स्वे बार (वळणावर गाडी एका बाजूला कलू न देणारा दांडा) काढून २४ मिमीचा बसवतोय. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे हा साधारण पाच पट कडक! चॅसीवरचे ब्रॅकेटचे बोल्ट तेवढा ताण सोसतील, की आतून जाड पट्टी लावू?

खरी अडचण वेगळी आहे. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबतात आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बार टाय रॉडला (स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याला) घासतो. चाकांवर उभी केली की फट राहते, पण जेमतेम बोटभर. लिंकची (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या दांडीची) लांबी बदलून भागेल का? बार धरणाऱ्या पॉलियुरेथेन बुशना (ब्रॅकेटमधल्या कड्यांना) सिलिकॉन ग्रीस लावलंय. कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सांगा, जमल्यास फोटोही टाका.