वॉर्डात हात धुण्याचं प्रमाण वाढवायचंय; पोस्टर आणि व्याख्यानं करून झाली

रातपाळी_सिस्टर
माझ्याकडे आयसीयू आणि दोन जनरल वॉर्डांचं इन्फेक्शन कंट्रोल आहे. हात स्वच्छ करण्याचे 'पाच क्षण' इथे कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणतील. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. मी पॅड घेऊन उभी राहिले की सगळे शहाण्यासारखे डिस्पेन्सरकडे वळतात आणि माझ्या तक्त्यात आकडे छान भरतात. पण हँडरबच्या (हातांना चोळायच्या जंतुनाशकाच्या) रिकाम्या बाटल्या मोजल्या की हिशेब जुळत नाही.

आता वरून दंडाची टूम निघाली आहे. मला पटत नाही. दंड बसणार नव्या सिस्टरना आणि मावशींना. राउंडला आलेल्या बड्या डॉक्टरांकडून कोण वसूल करणार? माणसाच्या वागण्याचा विचार करून कुणी काही केलंय का? जाता जाता, आमच्याच कमिटीच्या गळ्यात 'कर्मचाऱ्यांचं आरोग्य' हेही पडलंय. कॅन्टीन, लसी वगैरे. त्यावरही सुचवा.

भूलवाला
तुम्ही उभ्या असताना हात धुतले जाणारच. टोरांटोत हे मोजून पाहिलंय: निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असला की डिस्पेन्सरचा वापर जवळपास तिप्पट. म्हणजे तुमच्या तक्त्यापेक्षा तुमच्या रिकाम्या बाटल्या खऱ्या.

दुसरं, माहिती दिली की वागणूक बदलते हा समज सोडून द्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने 1847 मध्ये व्हिएन्नात इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले, आणि तरीही त्याचे कितीतरी सहकारी ऐकायला तयार नव्हते. डोळ्यांसमोर पुरावा असताना ही गत.

पोस्टर लावायचंच असेल तर मजकूर बदला. ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या अमेरिकी संशोधकांचा 2011 चा प्रयोग आहे: डिस्पेन्सरवर दोन प्रकारच्या पाट्या. एकीवर होतं, हात स्वच्छ ठेवल्याने *तुम्ही* आजारांपासून वाचता. दुसरीवर *रुग्ण* वाचतात. पहिलीचा काही उपयोग झाला नाही, दुसरीने साबण आणि जेलचा खप वाढला. मला यात आश्चर्य वाटत नाही. इतकी वर्षं वॉर्डात वावरून आपल्याला काही झालेलं नसतं, त्यामुळे 'तुम्ही आजारी पडाल' हे कानावरून जातं. रुग्णाबद्दल तसं म्हणता येत नाही.

टाचणी
पाट्यांवर फार भिस्त ठेवू नका, चार आठवड्यांत त्या भिंतीचा भाग होतात. डिस्पेन्सर कुठे आहे ते आधी सांगा. दाराच्या मागे, पडद्याआड, खाटेपासून पाच पावलं लांब असेल तर दोन्ही हातांत सामान घेतलेली सिस्टर तिथवर जाणार नाही. चालण्याच्या वाटेत आणि नजरेसमोर हवा. याला ना व्याख्यान लागतं ना दंड.

मायामीच्या एका आयसीयूत गंमतशीर प्रयोग झालाय, 2016 चा. लिंबाचा वास सोडला तर हात धुणाऱ्यांचं प्रमाण 15 वरून 47 टक्क्यांच्या आसपास गेलं. डिस्पेन्सरवर पुरुषाच्या डोळ्यांचा फोटो लावला तर 33. बाईच्या डोळ्यांनी काहीच फरक नाही, उलट 10! वाचायला मजा येते, पण असला परिणाम किती दिवस टिकेल यावर मी पैसे लावणार नाही.

रातपाळी_सिस्टर
आयसीयूत आहेत खाटेशी. जनरल वॉर्डात मात्र दाराशी एक आणि बेसिनजवळ एक, बस्स. बाईचे डोळे चालत नाहीत म्हणे! मी पॅड घेऊन उभी असेपर्यंत तरी चालतात 😄 दंडाबद्दल बोला ना कुणीतरी, मीटिंगमध्ये मला मुद्दे लागतील.

भूलवाला
दंडाने माणसं चूक लपवायला शिकतात. सुई टोचली तरी सांगणार नाहीत.

मीटिंगमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण द्या. पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांच्या पुढाकाराने तिथल्या आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी) पाचच गोष्टी ठरवल्या: हात धुणं, पूर्ण गाऊन-मास्क आणि रुग्णावर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो मांडीतली शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. यात नवीन काहीच नव्हतं. नवीन होतं ते हे, की पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं आणि व्यवस्थापनाने तिच्या पाठीशी उभं राहायचं. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, 2.7 होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. 2006 मध्ये छापून आलंय. लोक यादीच तेवढी उचलतात आणि थांबवायचा अधिकार विसरतात. तुमच्याकडे नवी सिस्टर बड्या डॉक्टरांना 'सर, हात' म्हणू शकते का? मीटिंगमध्ये हाच प्रश्न टाका, दंडाचा विषय आपोआप मागे पडेल.

टाचणी
आणि आकडा दाखवायचाच तर सगळ्यांचा मिळून दाखवा. न्यूयॉर्कजवळच्या एका आयसीयूत कॅमेऱ्याने मोजणी केली तेव्हा सुरुवातीला प्रमाण 10 टक्क्यांच्याही खाली होतं. मग तेच आकडे लगेचच्या लगेच कॉरिडॉरमधल्या बोर्डावर झळकू लागले आणि प्रमाण 80 च्या पुढे गेलं. तुम्हाला कॅमेरे नकोत. शिफ्टनुसार हँडरबचा खप फळ्यावर लिहा, नावं नकोत.

डबेवाली_ताई (आहारतज्ज्ञ)
कॅन्टीनचं मी सांगते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने पदार्थांवर लाल-पिवळी-हिरवी लेबलं लावली (लाल म्हणजे तब्येतीला वाईट, हिरवं म्हणजे चांगलं), लाल लेबलच्या पेयांची विक्री घटली. मग पाणी आणि हिरव्या लेबलचं खाणं नजरेच्या उंचीवर आणलं, तर ती आणखी घटली आणि बाटलीबंद पाण्याचा खप सुमारे 26 टक्क्यांनी वाढला. बंदी कशावरच नव्हती. रात्रपाळीचं वेगळं बघा, पहाटे तीनला जे उघडं असेल तेच खाल्लं जातं.

लसीसाठी: नुसती तारीख कळवण्याऐवजी चिठ्ठीत 'मी अमुक दिवशी, अमुक वाजता जाईन' अशी रिकामी जागा ठेवा. एका अमेरिकी कंपनीत असं केल्यावर फ्लूची लस घेणारे 33 वरून 37 टक्के झाले. वाढ छोटी आहे, पण खर्च एका ओळीचा.

रातपाळी_सिस्टर
छान. सुरुवात जनरल वॉर्डापासून करते: खाटेच्या पायथ्याशी डिस्पेन्सर आणि 'रुग्ण वाचतात' अशी पाटी. फळा पुढच्या महिन्यात.

टाचणी
दोन्ही एकदम नको, कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी एका वॉर्डात फक्त डिस्पेन्सर, दुसऱ्यात फक्त पाटी. आणि हलवाहलव करण्याआधी महिनाभर बाटल्यांची नोंद ठेवा.