जिनिंगचं काम घरून करतो, रिमोट डेस्कटॉप अटकते, सेटिंग सांगा कोणी

पऱ्हाटी_८८:
राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडं एका जिनिंगमध्ये हिशोब पाहतो, गाव तिथून २२ किलोमीटर, अन् संध्याकाळच्या एसटीचा काही भरवसा नाही म्हणून मालक म्हणे सीझनभर दुपारनंतर घरूनच कर. तिथं विंडोज ११ प्रो आहे, माझ्या लॅपटॉपवर होम, अन् रिमोट डेस्कटॉपनं तिथलं मशीन घरूनच चालवतो. एका पोट्ट्यानं व्हीपीएन (नेटवरून जिनिंगच्या मशीनपर्यंतचा बंद रस्ता) टाकून देल्लं, लागते बरोबर, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. पण त्रास लय आहे. एक तर टॅलीत व्हाउचर मारता मारता स्क्रीन पाच-दहा सेकंद गोठते अन् मग मी दाबलेलं सगळं एकदम येते, परवा ४,२०० च्या जागी ४२,००० झाले. दुसरं, प्रिंट. काल काट्यावर ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर पट्टीची वाट पाहून राह्यला, मी इथून चारदा प्रिंट मारली अन् तिकडं कागद हालला नाही, इथं माझ्यासमोर पीडीएफ सेव्ह करा म्हणून खिडकी उघडून राह्यली. तिसरं, मधातच मले बाहेर फेकते. अन् मालकाचा फोन येतो तो वेगळाच, तुझ्यामुळं स्क्रीनवर कुलूप आलं म्हणते. काहून होते हे?

वायरमन_वणी:
प्रिंटचं आधी सांगतो, ते सोपं आहे. जोडताना शो ऑप्शन्स दाबा, लोकल रिसोर्सेस टॅबमध्ये प्रिंटर्सची टिक काढून टाका. ती टिक असली की तुमच्या घरचा प्रिंटर तिकडच्या मशीनले दिसते अन् बहुतेक तोच डिफॉल्ट होऊन बसते, घरी प्रिंटर नसला तर पीडीएफवाला. टिक काढली की जिनिंगचा प्रिंटर आपोआप पुढं येते. मग जनरल टॅबवर येऊन सेव्ह दाबजा, नाही तर उद्या पुन्हा टिक लावलेलीच दिसन.

तूरडाळ:
स्पीड कमी आहे भाऊ तुमचं. एक्स्पिरियन्स टॅबमध्ये जाऊन लो-स्पीड ब्रॉडबँड निवडा, बॅकग्राउंड, अॅनिमेशन, फॉन्ट स्मूदिंग सगळं बंद. डिस्प्लेमध्ये रंग ३२ बिटच्या जागी १६ बिट. फक्त पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंगची टिक राहू द्या, एकदा आलेले आयकॉन पुन्हा पुन्हा नेटवरून ओढा लागत नाही.

वायरमन_वणी:
हे करा, वाईट काही नाही त्यात, पण गोठणं यानं जाणार नाही. टॅलीची स्क्रीन म्हणजे किती डेटा, अक्षरं अन् रेघा. स्पीड कमी असली की स्क्रीन हळू येते, थांबून मग भडाभडा येत नाही. माझ्याकडं दोन ठिकाणी हाच खेळ झाला, दोन्हीकडं मोबाइल नेट अन् वरून व्हीपीएन. नेटवर डेटा पाठवायच्या दोन पद्धती, टीसीपी अन् यूडीपी; रिमोट डेस्कटॉप टीसीपीसोबत यूडीपी पण वापरते, अन् अशा लाइनवर यूडीपीची पाकिटं मधात गळाली की ते असं अटकून बसते. यूडीपी बंद करून पाहा. तुमच्या लॅपटॉपवर होम आहे, तिथं ग्रुप पॉलिसीचा एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंगा बदलायची जागा) मिळणार नाही, म्हणून शोधत बसू नका. जिनिंगच्या मशीनवर प्रो आहे न, तिथं करा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, मग सेशन होस्ट, त्यात कनेक्शन्स. तिथं सिलेक्ट आरडीपी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल्स असं एक आहे, एनेबल करून यूज ओन्ली टीसीपी ठेवा अन् मशीन रीस्टार्ट करा. ट्रॅक्टर उभा असताना करू नका फक्त.

पोर्टवाला:
व्हीपीएन कायले पाहिजे, राउटरवर ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, बाहेरून उघडा करून द्या, सरळ लागते, मी तसंच केलं.

वायरमन_वणी:
अन् रात्रभर कोण कोण पासवर्ड मारून पाहते ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कधी पाह्यलं काय? सिक्युरिटी लॉग उघडा अन् ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी मोजा, मग बोलू. बाकीच्यांनी हे करू नये.

काटापट्टी:
कुलपाचं अन् बाहेर फेकायचं एकच कारण आहे हो, कोणी सांगितलं नाही अजून. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकते. तुम्ही घरून शिरले की तिकडच्या स्क्रीनवर लॉक येते. मालक ते पाहते, पासवर्ड टाकते, अन् तुम्ही बाहेर. नेटचा दोष नाही, मालकाचा आहे 😄 घाबरायचं काम नाही, बाहेर फेकलं तरी टॅली तिथं उघडीच राहते, अर्धं व्हाउचर जसंच्या तसं. फक्त ते मशीन पॉवर सेटिंगमध्ये कधीच झोपणार नाही असं करून ठेवा. अन् मालकाले सोबत स्क्रीन पाहायचीच असन तर रिमोट डेस्कटॉप कामाचं नाही, एनीडेस्कसारखं काही घ्या, त्यात दोघांले एकच स्क्रीन दिसते. जीएसटीची सही करायची डोंगल जर जिनिंगच्या मशीनले लावलेली असन तर तिथं पण एनीडेस्कच लागन, रिमोट डेस्कटॉपमध्ये ती दिसत नाही, हा शोध लावण्यात माझा रिटर्नच्या शेवटच्या तारखेचा अख्खा दिवस गेला.

तूरडाळ:
ऑल्ट-टॅबचं पण सांगून ठेवतो, खिडकीत उघडलं की ते तुमच्याच लॅपटॉपवर फिरते, फुल स्क्रीनमध्ये तिकडचं फिरते. अन् कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या जागी कंट्रोल-ऑल्ट-एंड.

पऱ्हाटी_८८:
आज जिनिंगवर गेल्तो, वायरमनभाऊनं सांगितलं तसं केलं, प्रिंटर्सची टिक काढली, फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. घरी येऊन दोन तास बसलो, एकदा पण गोठलं नाही, नेट तेच अन् जागा तीच, न्हाणीजवळच्या खिडकीतली, जिथं दोन दांड्या रेंज येते. पट्टी तिकडंच निघाली, पोट्ट्यानं फोन करून सांगितलं. १६ बिट रंग केले होते पण टॅली कशीतरीच दिसत होती, परत ३२ केले, काही फरक पडला नाही.

मालकाले पण समजावलं, म्हटलं कुलूप दिसलं की समजा मी कामावर आहो, पासवर्ड टाकू नका. ते दोन मिनिटं गप, मग म्हणे, तर मग काल चार वाजेपासून कुलूप काहून नव्हतं?