काश्मीरला आठ दिवस: डोंगल घेऊ की मोबाइल पुरेल?

कृष्णाकाठ:
मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन श्रीनगर-पहलगामला जातेय. वर्षातून एकदाच बाहेर पडतो आम्ही. रोज रात्री मला अर्धा तास ऑफिसचे मेल बघावे लागतात. दुकानदार डोंगलच घ्या म्हणून मागे लागलाय. एवढ्यासाठी दोन हजार घालू का?

सह्यभटक:
ताई, थांबा! तुमचं सिम प्रीपेड आहे का? बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. डोंगलमध्ये तेच सिम घातलंत तर पैसे पाण्यात. आम्ही जम्मू स्टेशनवर उतरलो आणि चौघांच्याही फोनवरच्या दांड्या एकदम गेल्या. हॉटेलवाल्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरच होता. बायको रडकुंडीला आली होती. घरातला एक नंबर आत्ताच पोस्टपेड करून घ्या, नंबर तोच राहतो. मग त्यावरून हॉटस्पॉट.

मिरजेची मावशी:
हॉटस्पॉटने बॅटरी भराभर उतरते, थंडीत तर विचारूच नका. 10,000 एमएएचची पॉवर बँक घे बाळा. विमानात ती हातातल्या पिशवीतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. आणि नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेव.

कृष्णाकाठ:
बाप रे, तिघांचीही सिम प्रीपेडच आहेत! दादा, मावशी, मनापासून आभार. उद्याच बाबांचा नंबर पोस्टपेड करते, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतात. परत आल्यावर तो पुन्हा प्रीपेड करता येतो ना?

सह्यभटक:
येतो. आम्ही केला.