मदत हवी आहे: अंबर लागरसोबत खायला काय ठेवू?

शनिवारी मित्र जेवायला येतायत आणि बिअर अंबर लागरच ठरली आहे, 1841 मध्ये व्हिएन्नात बिअर बनवणारे आंटोन ड्रेहर यांनी आणली त्या धाटणीची. भाजलेल्या माल्टमुळे (मोड आणून वाळवलेलं धान्य) ब्रेडच्या खरपूस कडेसारखी चव, टॉफीची पुसटशी झाक, पण शेवट कोरडा, म्हणजे गोडवा मागे रेंगाळत नाही. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडवटपणा बेताचाच. भाजलेलं चिकन आणि मश्रूम नक्की जमतील, दोन्हीकडे तोच खरपूसपणा. चीज चालेल, फार उग्र नको. खरा प्रश्न तिखटाचा. झणझणीत पदार्थासोबत बिअर जास्त कडू लागते म्हणतात, पण हिच्यात कडवटपणा कमी, मग चालून जाईल का? आणि गोडात काय? (चॉकलेट मला तरी जड वाटतं.) बाटल्या फ्रीजमधून किती आधी काढू तेही सांगा, अगदी गार असली की माल्ट कळतच नाही.